तिच्या वाटचं बोलणं

माझा भाऊ सावळाराम गप्प बसलेला मी कधी बघितला नव्हता. लहानपणी ताप आला तरी हा तापात बडबडायचा. आई वैतागून म्हणायची, "ह्याच्या तोंडाला कुणीतरी झाकण आणा गं." तोच सावळ्या आता माझ्या घरी येतो, ओट्यावर टेकतो, चहा पितो आणि "येतो आक्का" म्हणून उठतो. बास, एवढंच. मी त्याची थोरली बहीण, संजीवनी. मला इंदापुरात दिलंय. अंगणवाडीत पोरं सांभाळता सांभाळता माझाही आवाज चांगलाच चढलेला आहे, आणि मी काही कुणाचं झाकून ठेवणारी बाई नाही. पण हे सांगताना जीभ जड होते, ते आधीच सांगते.

सावळ्याचं घर कन्हेरीत. जमीन फार नाही, पण पाण्याखालची. वांगी, दोडका, ढोबळी मिरची, जे बारामतीच्या बाजारात चालेल ते तो पिकवतो. माल चांगला असायचाच, पण त्याहून चांगलं त्याचं तोंड. व्यापाऱ्याला बोलण्यात असा गुंडाळायचा की तो बिचारा वांगी घेऊन वर ह्यालाच चहा पाजायचा. आणि गावात कुणाच्या पोरीचं लग्न ठरत असलं की बैठकीला सावळाराम हवाच. आमच्याकडं पसंती झाली की दोन्हीकडची माणसं बैठकीला बसतात. पोरीच्या बाजूनं एकच माणूस बोलतो, बाप नाहीतर चुलता. आणि बोलायचं कसं, तर वाकून. पोरगी इंजिनियर असली तरी म्हणायचं, "लेकरू भोळं हाय पाव्हणं, काय येत न्हाय तिला, चुकलं-माकलं तर पोटात घाला." मग समोरच्यांनी म्हणायचं, "असं कसं म्हणता? आमी लेकीसारखी सांभाळू." असं झालं की सगळे हसतात, चहा येतो, काम फत्ते. सावळ्यानं अशी कितीतरी लग्नं जमवली. त्याचं "पोटात घाला" ऐकून भलेभले विरघळायचे.

ह्या बोलक्या माणसाच्या पोटी उत्कर्षा आली.

जन्मली तेव्हा रडलीच नाही पोर. मेंदूला प्राणवायू कमी पडला. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. उजवा हात आखडलेला, चालताना पाय ओढायचा, आणि बोलणं अडायचं. म्हणजे आत सगळं लख्ख, पण शब्द बाहेर येताना दारात अडकायचा. मान वळायची, ओठ थरथरायचे, मग कुठं एक शब्द. माझी भावजय जयवंता रडून रडून अर्धी झाली. गावातल्या बायका यायच्या आणि पोरीच्या देखत च्च च्च करून जायच्या. मी एकदा एकीला दारातूनच वाटेला लावली होती. "च्च च्च करायचं तर घरी कोंबड्यांना कर जा," म्हटलं.

पण सावळ्या? त्याला धन्य म्हणायला पाहिजे, मी आजही म्हणते. आमच्या कुणाला कळायच्या आधी त्याला तिचं बोलणं कळायला लागलं. तिनं नुसता "पा" म्हटला की हा सांगायचा, तिला पाणी नको, पावसाकडं बघायचंय. आणि खरंच पोर खिडकीकडं सरकायची. शाळेत घेईनात तेव्हा हा हेडमास्तरांच्या दारात ठाण मांडून बसला. मोटारसायकलवर पुढं बसवून रोज शाळेत सोडायचा, तोंडी परीक्षेला शेजारी उभा राहायचा. ती अडखळत बोलायची, हा ते मास्तरांना समजावून सांगायचा. त्याची छाती फुगायची. "आक्के, माझ्या पोरीच्या मनातलं मला तिच्या आधी कळतंय बघ."

तेव्हा ते खरंही होतं. पण पोर मोठी झाली आणि ह्याची सवय तशीच राहिली. तिनं तोंड उघडायचा अवकाश, हा वाक्य पुरं करून मोकळा. पाव्हणं विचारायचे, "काय गं बाळ, कितवीला?" ती "ब..." म्हणेपर्यंत हा "बारावीला! कॉमर्स! पहिल्या नंबरानं!" एकदा माझ्या घरी मी तिला विचारलं, भाजीला काय करू? ती "मे..." म्हणाली, हा म्हणाला मेथी. मी मेथीची भाजी केली. जेवताना पोरीनं माझ्या कानात सावकाश सांगितलं, "मे...थी सो...डून का...हीही." मी हसले, तीही हसली. सावळ्या मेथी ओरपत होता, त्याला पत्ताच नव्हता.

मग ती बारामतीला कॉलेजात गेली आणि तिचं नशीब उघडलं असं मला वाटलं. तिथं तिच्यासारख्या मुलांसाठी एक वेगळी खोली होती, दिव्यांग विद्यार्थी कक्ष म्हणून. श्रेया मॅडम नावाची एक तरुण बाई तो कक्ष सांभाळायची. परीक्षेला जास्तीचा वेळ मिळवून देणं, कुणाला लिहायला लेखनिक देणं, वर्ग खालच्या मजल्यावर आणणं, पुढं नोकरीसाठी कंपन्यांशी बोलणं, सगळं तीच बघायची. तिचा एक नियम होता. बोलणाऱ्याचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं.

मी एकदा बारामतीला दवाखान्यात आले होते, तशीच तिला भेटायला गेले. खोलीत पाच-सहा पोरं बसलेली आणि आमची उत्कर्षा एक विनोद सांगत होती. अहो, विनोद! मी आयुष्यात तिच्या तोंडून विनोद ऐकला नव्हता. किती वेळ लागला ते विचारू नका, मी दारात उभी राहून पदर चावत होते. पण एकही पोरगं मधे बोललं नाही. शेवटचा शब्द आला आणि सगळी खोली खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तो भिगवणचा लखन, डोळ्यांनी न दिसणारा पोरगा. त्याच्या बापाचा मासळीचा धंदा. तो म्हणाला, "उत्कर्षा, तुझ्या विनोदाला लोकं थांबून हसतात बघ, माझ्या विनोदाला थांबतबी न्हाईत आन् हसतबी न्हाईत." पोरीचे डोळे कसे चमकत होते! कन्हेरीला जाऊन मी सावळ्याला सांगितलं. म्हटलं, "अरे, ती बोलते. तू जरा दम खा की." तो म्हणाला, "तितं तिला तरास हुतो आक्का. माझ्याजवळ तिला तरास घ्यायचं काय कारण?"

काय बोलावं कप्पाळ. माया होती ती, दुसरं काही नव्हतं. म्हणून तर राग कुणावर काढावा ते कळत नाही.

शेवटच्या वर्षाला श्रेया मॅडमनं पुण्याची एक कंपनी आणली. काम असं, की कंपनीचं ॲप हाताला त्रास असणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसांना वापरता येतं का ते तपासायचं आणि कुठं अडतं ते लिहून कळवायचं. म्हणजे ज्याला अडचण ठाऊक त्यालाच हे काम जमणार. उत्कर्षा डाव्या हातानं टाइप करायची, हळू करायची, पण चूक म्हणून सापडायची नाही. कंपनीची माणसं तिनं केलेलं नमुन्याचं काम बघून खूश झाली होती. आता मुलाखत राहिली होती, तीही कॉलेजातच. निवड झाली की आधी पुण्यात राहून शिकायचं, वसतिगृह कंपनीचं. मुलीनं स्वतःचं स्वतः करायला हवं, एवढीच अट.

आणि ती स्वतःचं स्वतः करत होती हो! दहावीत असतानाच तिनं आईला सांगितलं होतं, आंघोळ माझी मी करणार. तेव्हा सावळ्यानंच न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा ठोकून दिला, बसायला उंच स्टूल करून आणलं. त्या दांड्याला धरून पोर उठायची-बसायची. त्या दिवसापासून जयवंताला तिनं न्हाणीच्या दारातही उभं राहू दिलं नाही. हे सगळं त्या दांडा ठोकणाऱ्याला ठाऊक नव्हतं का?

पोरीनं मुलाखतीची तयारी अशी केली की बस. श्रेया मॅडम खोटी खोटी मुलाखत घ्यायची, लखन साहेब व्हायचा. मला फोन करून म्हणाली, "आ...त्या, मी पु...ण्याला जा...णार. ए...कटी." त्या "एकटी"वर एवढा जोर होता, की मला माझं तरणं वय आठवलं. मी म्हटलं, "जा गं बाई जा, आणि मला तिथलं काहीतरी झकपक घेऊन ये."

मुलाखतीच्या दिवशी मी मुद्दाम इंदापुरातून एसटीनं आले. सावळ्या परीटघडीची टोपी घालून, पिशवीत पेरू घेऊन हजर. "पेरू कशाला रे?" म्हटलं. "पाव्हण्यांच्या हातावर काय ठेवायला नको व्हय?" मला तेव्हा हसू आलं. हा बैठकीला आला होता, मुलाखतीला नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कसं येणार?

आई-बापांनी बाहेर बाकावर बसायचं होतं. आत दोन साहेब आणि एक बाई. उकाडा मरणाचा, म्हणून दार उघडंच. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पोर सावकाश बोलत होती, ते ऐकत होते, मधे मधे हसतही होते. तिनं त्यांच्या ॲपमधली एक चूक दाखवली असावी, कारण एक साहेब म्हणाला, "हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं." मी सावळ्याच्या मांडीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

मग त्या बाईनं विचारलं, "उत्कर्षा, पुण्यात एकटी राहशील का? रोजचं सगळं तुझं तू करू शकशील?"

आणि पोरीचा शब्द अडला. नेमका ह्या प्रश्नाला. जिवाच्या जवळचा प्रश्न असला की तिचं तसं व्हायचं. "मी..." म्हणाली आणि मान वळली. आत कुणी काही बोललं नाही, सगळे थांबले होते. श्रेया मॅडमनं त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. पण बाहेर बाकावर माझ्या भावाचं काळीज थांबेना. त्याच्या लेखी पाव्हण्यांनी प्रश्न विचारलाय आणि पोरीकडचं कुणी बोलत नाही, केवढा हा अपमान! तो उठला. मी सदऱ्याला धरलं, पण तो हिसका देऊन गेला. दारात चपला काढल्या, हात जोडले आणि आत गेला.

"साहेब, मी हिचा बाप. लेकरू भोळं हाय, तिला काय येत न्हाय. एकटी कशी ऱ्हाईल? आंघोळ घालायलासुदिक आई लागती साहेब. पन तुमी मोठी मानसं. पोटात घाला, पदरात घ्या."

आणि हात जोडून थांबला. समोरचे आता म्हणणार, असं कसं म्हणता, आम्ही लेकीसारखी सांभाळू. बैठकीत असंच म्हणतात ना. पण त्या साहेबांना आमची रीत काय ठाऊक? त्यांनी जे ऐकलं ते खरं धरलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाईनं मान खाली घातली. मी दारापर्यंत पोचले होते. उत्कर्षा बापाकडं बघत होती. मी अंगणवाडीत पोरांचे नाना चेहरे बघितलेत, पण तो चेहरा नको रे बाबा. आंघोळीचं ऐकून तिनं डाव्या हातानं ओढणी पुढं ओढून घेतली होती, जणू सगळ्यांसमोर अंगावरचं वस्त्रच गेलं.

"आम्ही कळवतो," साहेब म्हणाले. सावळ्यानं पेरू टेबलावर ठेवले.

बाहेर आल्यावर मी त्याला असा फाडला, की जाणारी पोरं थांबली. "मुडद्या, आंघोळ कोण घालतं रे तिला? तूच दांडा ठोकलास ना?" तो गोंधळला. "अगं आक्के, तसं म्हणायचं असतं. जरा दया आली तर घेतील म्हणून बोललो." त्याला खरंच वाटत होतं की काम झालं. बाजारात माल विकून आल्यासारखा घाम पुसत होता.

काम झालं नाही. लखनला घेतलं, आणखी दोघांना घेतलं. श्रेया मॅडमनं कंपनीला फोन करून सांगितलं, वडील घाबरून बोलले, मुलगी सगळं स्वतः करते. ते म्हणाले, आमच्या वसतिगृहात मदतनीस नाही, घरच्यांचीच तयारी नसेल तर जोखीम कशी घ्यायची? मॅडमनं खूप डोकं फोडलं, शेवटी हात टेकले. पुढच्या वर्षी कंपनी बारामतीला आलीच नाही.

उत्कर्षा बापाशी भांडली असती तर बरं झालं असतं. आदळआपट करायची, ताट फेकायचं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिनं काहीच केलं नाही. फक्त बोलणं सोडून दिलं. आईशी मान हलवून, माझ्याशी एखादा शब्द, आणि बापाशी तेवढाही नाही. परीक्षा दिली, पास झाली, घरी बसली. दुपारी वांगी निवडायची. मोठी एका टोपलीत, बारकी दुसऱ्या टोपलीत. लखनचे फोन यायचे सुरुवातीला, ती उचलायची नाही. तोही बिचारा दमला.

सावळ्याला उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं. बैठकीला जायचं त्यानं सोडलं. शेजारच्या गोकुळच्या पोरीच्या वेळी सगळे बोलवायला आले, तर म्हणाला, "माझं तोंड वंगाळ हाय, दुसरा बघा." बाजारातही माल ठेवतो, व्यापारी म्हणेल तो भाव घेतो. जयवंता मला म्हणाली, "वन्सं, हे रोज तिच्यासमोर जेवायला बसत्यात, काहीतरी इचारत्यात आन् तोंडावर हात ठिवून वाट बघत्यात. ती जेवून उठून जाती. हे तसंच बसत्यात." त्यानं आता थांबायला शिकून काय उपयोग? आणि तरी त्याला काय म्हणणार, थांबू नकोस?

ह्या दिवाळीत भाऊबीजेला तो माझ्याकडं इंदापूरला आला, उत्कर्षाला घेऊन. मी ओवाळलं. करंज्या पुढं ठेवल्या. पोर बारीक झाली होती. तेवढ्यात सावळ्याचा फोन वाजला. शाळेपासून सगळीकडं पोरीच्या नावापुढं बापाचाच नंबर होता, तो तसाच राहिलेला. त्यानं बघितलं आणि एकदम ताठ बसला. श्रेया मॅडम.

त्यानं फोन स्पीकरवर मोठ्यानं लावला. मॅडमचा आवाज घाईत होता. "काका, सणाच्या दिवशी त्रास देते. दुसरी एक कंपनी आहे, तसलंच काम. मी उत्कर्षाचं जुनं काम त्यांना दाखवलं होतं, त्यांना फार आवडलंय. त्या बाई आत्ता माझ्याबरोबर लाइनवर आहेत. त्यांना फक्त तिच्याशी बोलायचंय. जवळ आहे का ती?"

सावळ्याच्या तोंडाला आलेला शब्द त्यानं गिळलेला मी बघितला. त्यानं फोन पोरीच्या समोर पाटावर ठेवला आणि स्वतः मागं सरकून बसला. खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला. मी देवाला हात जोडले. खरं सांगते, मी देवाला काही मागत नाही कधी, पण तेव्हा मागितलं.

"हॅलो, उत्कर्षा?" नवी बाई, आवाज गोड होता. "मला सांग, पुण्याला येऊन राहशील का? तुझं तू सगळं करशील?"

तोच प्रश्न. पोरीचे ओठ हलले. मान वळली. मला वाटलं, आला, शब्द आला. तिनं फोनकडं बघितलं, मग बापाकडं. किती वेळ बघत होती. रागानं बघितलं असतं तर मी समजू शकले असते. ती थकून बघत होती. मग डाव्या हातानं तिनं फोन हळूच ढकलत ढकलत त्याच्या मांडीपर्यंत नेला.

"आ...बा," ती म्हणाली, "तु...मीच सां...गा."

वर्ष उलटून गेल्यावर बापाशी बोलली होती ती.

सावळ्यानं टॉवेल काढला. तोंड उघडलं. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या पोरींसाठी शब्द टाकला, त्याचे ओठ नुसते थरथरत होते, अगदी तिच्यासारखे. त्यानं पोरीकडं बघून हात जोडले. ती करंजीचा तुकडा बोटानं ताटात इकडून तिकडं करत होती.

"सावकाश होऊ दे, उत्कर्षा," फोनमधून श्रेया मॅडम म्हणाली. "घाई नाही. आम्ही थांबलोय."